वर्गणीचा कॉलम – सोलापुरातल्या एका मंडळीची केस

ही केस मी लिहितोय कारण यातली पहिली चूक माझ्या हातची आहे. म्हणजे खरंच हातची, लॅपटॉपवर मीच टाइप केली होती. मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचं, नाव सांगत नाही, डिनॉमिनेशन म्हणजे पंथ पण नाही, माणसांना काका, मावशी, अक्का एवढंच म्हणतो. सोलापूर काय एवढं मोठं नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाहेरून बघणाऱ्याला ते गाण्यांचं भांडण वाटायचं. रविवारच्या भक्तीला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, 'उपासना संगीत' या जुन्या गीतपुस्तकातली गीतं पेटीवर म्हणायची का कीबोर्ड, ड्रम पॅड लावून टाळ्या वाजवत नवीन गाणी म्हणायची, आणि त्यात तेलुगू गाणं मधे आलं तर चालेल का नाही. पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरना, पण तेच वाटायचं, कमिटीला पण तेच, आणि मला तर नक्कीच तेच वाटायचं कारण मला ते वाटणं सोयीचं होतं.

आमच्यात दोन प्रकारची घरं. एक जुनी घरं, मिशनच्या काळापासूनची. अमेरिकन मराठी मिशनवाले १८१३ ला मुंबईत आले, १८३१ ला अहमदनगरला, आणि तिकडून पुढे सोलापूरला. त्यांच्या शाळा-दवाखान्यातून शिकून कोणी मास्तर झालं, कोणी नर्स, कोणी रेल्वेत लागलं, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. मी पण त्यातलाच. आमच्या आजोबांनी दिलेलं बाक अजून आहे, त्यावर बसताना घरच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटतं, आणि तोच प्रॉब्लेम आहे. दुसरी घरं पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी, ज्यांचे आजे-पणजे मागावर काम करायला तेलंगणातून आले. पुरुष चादर-टॉवेलच्या कारखान्यात, बायका घरी विड्या वळणार, हजार विड्यांमागे मजुरी. ही घरं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मंडळीत आली. आधी अशोक चौक, कन्ना चौकाकडे राहायची, चर्चला चालत यायची. मग २००६ ला कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते चाव्या द्यायला. आमच्या बऱ्याच बहिणींना तिथं घर मिळालं. स्वतःचं घर मिळालं याचा सगळ्यांनाच आनंद, आम्ही भक्तीत आभार पण मानले. पण कुंभारी पडलं अक्कलकोट रोडला गावाबाहेर, चालत यायचं बंद झालं, पाळकांची घरभेट सहा महिन्यातून एकदा आणि मग तीही नाही. आमच्या रजिस्टरात त्यांचे पत्ते जुनेच राहिले, कित्येक वर्षं.

आता २०२०. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला, विडी कारखाने बंद, माग बंद. आठवड्याच्या मजुरीवर चालणारी घरं दुसऱ्याच आठवड्यात हबकली. मंडळीतल्या बाहेरगावी असलेल्या काही लोकांनी पैसे पाठवले आणि कमिटीनं साठ रेशन किट करायचं ठरवलं, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, साबण. यादी करायचं काम माझ्याकडे, मी तेव्हा असिस्टंट सेक्रेटरी. मी मेंबरशिपची एक्सेल उघडली आणि फिल्टर लावला. कॉलम होता 'वर्गणी भरलेली'. का लावला? कारण कोणालातरी द्यायचं आणि कोणालातरी नाही म्हणजे नियम पाहिजे, आणि नियम म्हणून तोच सापडला. कोणी मला सांगितलं नव्हतं, कोणी अडवलं पण नाही. कमिटीतल्या सगळ्यांनी यादी व्हॉट्सॲपवर बघितली आणि अंगठे दाखवले. कुंभारीची बहुतेक घरं वर्गणीत मागे, काहींचं दृढीकरणच, म्हणजे मोठेपणी विश्वासाची कबुली द्यायचा विधी, झालेलं नाही त्यामुळं पूर्ण सभासद नाहीत, ती सगळी एका क्लिकनं गायब झाली. यादीत पेन्शन घेणारी चार घरं होती, ते पण सांगून टाकतो.

त्यानंतर दोन वर्षं काही झालं नाही. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

भडका उडाला २०२२ च्या हार्वेस्ट फेस्टिवलला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या चर्चमध्ये त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं, घरात केलेलं काहीतरी आणून अर्पण करतात, धान्य, कोंबडा, नारळ, केक, शेंगाचटणी, आणि भक्तीनंतर त्याचा लिलाव. मजेचा कार्यक्रम असतो, वीस रुपयाचं लिंबू पाचशेला जातं, पैसे मंडळीला. तर त्या वर्षी एक भोपळा होता मोठा, आणि कुंभारीच्या एका अक्कांनी मागून बोली लावली पाचशे. लिलाव करणारे आमचे काका, स्वभावानं विनोदी, माइकवर म्हणाले, "अक्का, आधी पदराची गाठ सोडून बघा की." हशा झाला. मी पण हसलो. अक्का हसल्या नाहीत, त्यांनी खरंच पदराची गाठ सोडली, पाचशेची नोट टेबलावर ठेवली, भोपळा घेतला नाही आणि गेल्या.

पुढच्या रविवारी चौदा घरं आली नाहीत.

दोन-तीन आठवड्यात कळलं की कुंभारीला एका घरात रविवारी सकाळी, बरोबर आपल्या भक्तीच्याच वेळेला प्रार्थना चालू झालीय. मग बाहेरून एक उपदेशक यायला लागले, त्यांची शिकवण अशी की तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नाही, आणि दोन तरुण पोरांनी परत पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. इथं आमच्या कमिटीला हायसं वाटलं असं मी म्हणेन, वाईट वाटेल काहींना पण खरंय. कारण आता भांडणाला चांगलं भारदस्त नाव मिळालं. आता ते चुकीच्या शिकवणीत गेले होते. भोपळ्याचा विषय कोणी काढेना. मी तेव्हापासून एक गोष्ट बघत आलोय, आमच्याकडे पण आणि ओळखीच्या दुसऱ्या मंडळ्यांत पण, की शिकवणीचं भांडण पुष्कळदा मागून येतं. आधी कोणाचातरी अपमान होतो, घरभेट बंद होते, मग माणूस रिकाम्या हातानं उभा असताना जो कोणी दारात येतो त्याची शिकवण खरी वाटायला लागते.

नाहीतर बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर एकत्र राहता येतच नाही असं काही नाही. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा वेगवेगळे चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात लेकरांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन पण होते आणि फक्त मोठ्यांनाच देणारे बॅप्टिस्ट पण. त्यांनी लेकरांचा आणि मोठ्यांचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले आणि तरी एक झाले. ऐक्य, साक्ष, सेवा हे त्यांचं ब्रीद. एवढे मोठे लोक बसून तोडगा काढू शकतात तर चौदा घरांचा काय विषय होता.

आम्ही काय काय केलं ते सांगतो, कारण केसमध्ये फसलेले उपाय सांगितले नाहीत तर उपयोग नाही. पाळकसाहेबांनी सलग तीन रविवार ऐक्यावर संदेश दिला. बायबलमधलं स्तोत्र १३३, मग इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय, मग योहान १७. चांगले संदेश होते, खोटं कशाला बोलू. पण समोर बसलेला प्रत्येक जण मनात म्हणत होता की हे त्यांना ऐकायला पाहिजे होतं, आणि ते तर आलेच नव्हते. मग गाण्यांची वाटणी ठरली, दोन उपासना संगीतातली, दोन नवीन. यानं तर कहर झाला, लोक मोजायला लागले, नवीन गाणं सहा मिनिटं चाललं आणि जुन्याची तीनच कडवी घेतली म्हणून शेवटच्या बाकावरून तक्रार. मग प्रीतिभोजन ठेवलं, कुंभारीला खास निरोप गेला, पाच-सहा घरं आली पण. मटण चांगलं झालं होतं. दोन पंगती बसल्या, कोण कुठं बसलं ते न सांगता कळेल. वाढणारे सगळे आमचे आणि पहिली पंगत पण आमचीच, हे मला नंतर रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. करिंथच्या मंडळीत पण असंच होतं ना, प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्यांना झापतो ते जेवणावरूनच, एक भुकेला राहतो आणि दुसरा खाऊन-पिऊन मस्त. आम्ही प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीला, तो भाग दर वेळी वाचतो, पण सुरुवात तेविसाव्या वचनापासून करतो. जेवणावरून झापलेलं बहुतेक सगळं त्याच्या आधीच येऊन जातं.

गाठ सुटली ती एका रिटायर नर्स मावशींमुळं. त्या कमिटीत नाहीत, कुठल्या पदावर नाहीत. त्यांनी मत्तय १८ चं पंधरावं वचन धरलं, भावाचं काही चुकलं असेल तर आधी एकट्यानं जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, आणि मंडळीपुढं न्यायचं ते शेवटी, आणि मला म्हणाल्या, "तुमची कमिटी डायरेक्ट शेवटच्या पायरीवर जाऊन बसलीय, पहिली पायरी कोण चढणार?" मला म्हणाल्या गाडी काढ. मी फक्त ड्रायव्हर म्हणून गेलो होतो, बोलायचं नाही असं ठरवून.

अक्कांच्या घरी दोन खोल्या, दारात सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या, हात थांबले नाहीत. मावशींनी भोपळ्याचं काढलं, माफी मागितली. अक्का म्हणाल्या, "ते काय, ते काका तसंच बोलतेत, त्याचं काय नाही." मग गाण्यांचं काढलं. "गाणं कुठलंबी चालतंय." मग बराच वेळ गप्प. मग मान वर न करता म्हणाल्या, "लॉकडाऊनला मी आलती. चालत आलती, पोलिसाला चुकवून. गेटपाशी सांगितलं तुमचं नाव नाही, संपलं सगळं. मला आत पिशव्या दिसलालत्या."

खरं होतं. दोन किट शिल्लक होते. अडीअडचणीला असू दे म्हणून ऑफिसात ठेवले होते. पुढं त्यातल्या तांदळाला किडे लागले.

मी बोलायचं नाही असं ठरवलेलं, पण मग बोललो. म्हटलं अक्का, ती यादी मी केली होती. त्यांनी पहिल्यांदा हात थांबवले आणि माझ्याकडं बघितलं. "तुम्ही व्हय," एवढंच. चहा दिला. परत येताना मावशी पूर्ण रस्ताभर काही बोलल्या नाहीत, शांती चौकाच्या अलीकडं फक्त एवढं म्हणाल्या की घरी जाऊन प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय वाच.

वाचला. तो आपण शंभरदा वाचलेला असतो. यरुशलेमची पहिली मंडळी, एका भाषेच्या लोकांची कुरकुर की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे लक्ष दिलं जात नाही. इब्री बोलणारे आणि ग्रीक बोलणारे, म्हणजे मराठी आणि तेलुगूच म्हणा की. माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते पुढच्या नावांवर. सात जण निवडले, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं निवडून वाटणीचं सगळं काम त्यांच्या हातात दिलेलं दिसतं, आणि प्रेषितांनी ऐक्यावर संदेश दिला असं तिथं कुठंच लिहिलेलं नाही. तीन-चार गट करा, दोन तुमचे दोन आमचे, असलं पण काही नाही.

कमिटीत हे मांडलं तेव्हा जे झालं ते सविस्तर लिहीत नाही, चार बैठका गेल्या. पाळकसाहेबांचं म्हणणं जुनं कशाला उकरायचं, आता सगळं शांत होतंय. एक जण म्हणाले की हे असंच चालू राहिलं तर आम्ही धर्मादाय आयुक्तांकडं जाऊ, आणि ही धमकी हलकी नसते, चर्चचे वाद एकदा तिथं आणि कोर्टात गेले की वर्षानुवर्षं पडून राहतात, पोरं मोठी होतात तोपर्यंत. पण सगळ्यात खरा विरोध खजिनदार काकांचा होता. आणि त्यांची बाजू मी नीट मांडली पाहिजे, कारण त्यांना व्हिलन करणं सोपं आहे. एकोणीस वर्षं त्यांनी हिशोब सांभाळला, एक रुपया इकडचा तिकडं नाही, लॉकडाऊनमध्ये दानपेटी रिकामी असताना चर्चचं लाइटबिल तीन महिने स्वतःच्या पेन्शनमधून भरलं आणि कोणाला सांगितलं नाही. त्यांचा प्रश्न होता, "म्हणजे आता माझ्यावर विश्वास नाही का?" याला आमच्याकडं चांगलं उत्तर नव्हतं. विश्वास होता. पण किल्ली पण पाहिजे होती.

शेवटी ठरलं ते असं. पुअर फंड, म्हणजे गरिबांच्या मदतीचा पैसा, मुख्य हिशोबातून बाजूला काढायचा, त्याचं वेगळं खातं, पाच जणांची समिती आणि त्यातले चार कुंभारी-पूर्व भागातले, त्यांनीच त्यांच्यात निवडायचे. दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत आणि दर महिन्याला हिशोब नोटीस बोर्डावर, मदत घेणाऱ्यांची नावं न लावता. अक्का त्यात आल्या, नको नको म्हणत. सही करतात, तेलुगूत.

आणि त्याच्या आधी एक रविवार. प्रभुभोजनाचा होता. मत्तय ५ मध्ये आहे ना, वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, तर मावशींचा हट्ट की भाकर मोडायच्या आधी हे व्हायला पाहिजे. पाळकसाहेबांनी एक मसुदा केला होता, 'कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असल्यास'. तो मावशींनी वाचला आणि परत दिला. म्हणाल्या हे असलं पत्र तर सोसायटीवाले पाणी बंद करताना लावतात. मग मी उभा राहिलो आणि साधं सांगितलं की अमुक महिन्यात साठ किट होते, यादी मी केली, वर्गणीचा फिल्टर लावला, कुंभारीची घरं त्यात गेली, दोन किट शिल्लक असताना एका बहिणीला गेटवरून परत पाठवलं. माझ्यानंतर, कोणी न सांगता, लिलाववाले काका उठले. त्यांना बोलताच येईना, माइकवर एवढा बोलणारा माणूस. त्या दिवशी कुंभारीची तीनच घरं आली होती, त्यामुळं खूप मोठा सीन वगैरे काही नाही झाला. पण बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडं पोचली होती.

गाण्यांचं भांडण मिटलं का? निम्मं. नारायण वामन टिळकांचं उदाहरण उपयोगी पडलं. ते १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि पुढं अभंग-ओवीच्या चालीवर गीतं लिहिली कारण मिशनऱ्यांच्या इंग्रजी चाली इथल्या माणसाच्या तोंडी बसत नव्हत्या. म्हणजे आज जे आमच्या जुन्या घरांना वडिलोपार्जित वाटतं तेही एके काळी नवीनच होतं की. गंमत अशी की पूर्व भागातल्या लोकांना टाळ-भजन चांगलं येतं, टिळकांचं गीत पेटीपेक्षा टाळावर घेतलं तेव्हा त्यांनीच ते उचलून धरलं, आणि आमची पेटी वाजवणारी ताई ताल सांभाळताना घामाघूम. आता एखादं गीत एक कडवं मराठी एक कडवं तेलुगू असं होतं. ड्रम पॅडचा आवाज मात्र अजून जास्तच असतो, माझं मत.

चौदापैकी नऊ घरं परत नियमित झाली. दोन कधी येतात कधी नाही. तीन घरं कुंभारीच्या त्या प्रार्थनेतच राहिली आणि आम्ही त्यांना ओढायचं सोडून दिलंय, रस्त्यात भेटलो की सलाम करतो, ते पण करतात. कुंभारीला आता गुरुवारी संध्याकाळी आपली प्रार्थना असते, पाळकसाहेब स्वतः जातात, रजिस्टरातले पत्ते बदलले. ज्या दोन पोरांनी परत बाप्तिस्मा घेतला त्यांच्या सभासदत्वाचा विषय अजून लोंबकळतोय, दर बैठकीत पुढं ढकलला जातो. खजिनदार काकांनी त्याच वर्षी पद सोडलं. भक्तीला येतात, तिसऱ्या बाकावर बसतात, बाहेर सगळ्यांना सलाम करतात, मला नाही. मी करतो. मी त्यांना भेटायला दोनदा घरी गेलो, दोन्ही वेळा काकू म्हणाल्या झोपलेत. तिसऱ्यांदा जायचंय.

एक्सेलमधला वर्गणीचा कॉलम मी डिलीट करायला निघालो होतो, तेव्हा अक्काच म्हणाल्या राहू द्या की, कोण मागं पडलंय ते त्याच्यावरनंच कळतंय, त्यांच्याकडं आधी जाऊ.

भक्तीची वेळ आता नवाऐवजी साडेनऊ आहे, कुंभारीहून शेअर रिक्षा भरायला वेळ लागतो म्हणून. जुन्या घरातले चार-पाच जण मात्र अजून नवालाच येऊन बसतात, सवय, आणि अर्धा तास आपापसात जुनी गीतं म्हणत राहतात, बिनपेटीची. मागच्या रविवारी मी लवकर गेलो तर त्यांच्यात मागच्या बाकावर अक्का पण होत्या. म्हणाल्या आज रिक्षा लवकर भरली.